महत्त्वाकांक्षा, मैत्री आणि प्रेम: सतराव्या वर्षी तोल कसा सांभाळाल?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. फोन बाजूला ठेवून झोपणार, इतक्यात इंदूरहून माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला, ‘‘ताई, जागी आहेस का? एक विचारू? मी स्वार्थी आहे का?’’

ती बारावीत आहे. तिला एनडीएत जायचं आहे. पहाटे ५ला उठून मैदानावर धावायचं, मग कॉलेज, मग क्लास आणि रात्री गणित, असा तिचा दिवस असतो. त्या दिवशी तिच्या जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस होता. क्लासमध्ये टेस्ट होती म्हणून ती २० मिनिटं थांबून निघाली. रात्री मैत्रिणीने स्टेटसला ग्रुपचे फोटो टाकले, त्यात ही कुठेच नव्हती. क्लासमधला एक मुलगा तिला आवडतो, त्यालाही ती आवडते. त्याचा मेसेज आला होता, ‘‘तुझ्याकडे सगळ्यांसाठी वेळ आहे, फक्त माझ्यासाठी नाही.’’ आणि हे मेसेज वाचत असताना मावशी खोलीत आली. म्हणाली, ‘‘परीक्षा तोंडावर आलीय आणि हिच्या हातातला फोन काही सुटत नाही.’’

एका दिवसात तीन माणसांच्या तीन तक्रारी. प्रत्येकाला वाटत होतं, ही आपल्याला कमी पडते आहे. आणि तिला वाटत होतं, आपण सगळ्यांनाच कमी पडतो आहोत.

मी आधी टाइप केलं, ‘‘नाही गं वेडे, झोप आता.’’ मग ते खोडलं. कारण हा प्रश्न मला ओळखीचा होता. सतराव्या वर्षी तो माझ्याही समोर आला होता आणि तेव्हा माझं उत्तर साफ चुकलं होतं.

माझं उत्तर चुकलं तेव्हा

२०१९ साली मी नाशिकला बारावीत होते. डॉक्टर व्हायचं होतं, नीटची तयारी चालू होती. ‘दोन वर्षं कळ काढ, मग आयुष्यभर आराम आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मीच ते स्वतःला ऐकवायला लागले होते. फोन आईच्या कपाटात ठेवला होता. लग्न, बारसं, सिनेमा, सहल सगळं बंद. त्या यादीत मैत्री कधी जाऊन बसली ते मला कळलंच नाही.

माझी एक मैत्रीण होती. पाचवीपासून एकाच बाकावर, एकाच डब्यात जेवणारी. फेब्रुवारीतल्या एका रात्री तिने मला तीन वेळा फोन केला. मला तो चार दिवसांनी, रविवारी टेस्ट संपल्यावर दिसला. तोवर दुसऱ्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं की तिच्या बाबांना हृदयाच्या त्रासाने हॉस्पिटलमध्ये दाखल केलं आहे. मी तिला मेसेज केला, ‘‘काळजी घे. पुढची टेस्ट झाली की बोलू.’’

पुढची टेस्ट झाली. तिच्यानंतर आणखी एक होती. मग प्रॅक्टिकल, मग बोर्ड, मग नीट. मी फोन केला नाही. तिनेही पुन्हा केला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. सरकारी कॉलेजात जागा मिळेल इतके गुण नव्हते आणि खासगी कॉलेजची फी आम्हाला परवडणारी नव्हती. त्या संध्याकाळी मला फक्त एका माणसाशी बोलायचं होतं आणि तिला फोन करायचं तोंड मला उरलं नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं, म्हणतात ना, तसं झालं.

तीन वर्षांनी एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो. जेवणाच्या पंगतीतून उठून बाजूला उभ्या राहिलो. ती म्हणाली, ‘‘तू अभ्यास करत होतीस याचा मला कधीच राग नव्हता. ‘मेपर्यंत मला जमणार नाही’ एवढं एकदा फोन करून सांगितलं असतंस ना, तरी मी वाट बघितली असती. तू काही सांगितलंच नाहीस. मला वाटलं, तुझ्यासाठी मी संपले.’’

तिचे बाबा आता बरे आहेत. आम्ही पुन्हा बोलतो, पण आता ‘कशी आहेस’ने सुरुवात करावी लागते. पूर्वी लागायची नाही.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. माणसं आपली गैरहजेरी माफ करतात. न सांगता झालेली गैरहजेरी त्यांच्या मनात घर करून राहते. मैत्रीत, प्रेमात आणि घरातही हे तितकंच खरं आहे.

मोठं स्वप्न पाहणं हा गुन्हा नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मुलगी झपाटून अभ्यास करायला लागली की ‘फार शहाणी झालीय’, ‘कोणात मिसळत नाही’ अशी कुजबुज सुरू होते. मुलगा तेच करत असेल तर तो ‘सीरियस’ ठरतो. त्यामुळे मुलींच्या मनात अपराधीपणा जरा लवकर शिरतो. तो बाजूला ठेवा.

माझ्या मावसबहिणीच्या कपाटावर एक फोटो चिकटवलेला आहे. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या दिवसाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा अंतरिम आदेश दिला आणि २०२२ मध्ये पहिल्या मुली तिथे दाखल झाल्या. म्हणजे ही मुलगी सहावी-सातवीत असताना तिच्या स्वप्नाचं दारच बंद होतं. आता ते उघडलं आहे, तर तिने धावायचं नाही का?

वेळ कमी पडतो हेही नाटक नसतं. २०२४ मध्ये नीटसाठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा आहेत लाखभराच्या आसपास. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यानंतर एसएसबीची मुलाखत आणखी ९०० गुणांची. अशा ठिकाणी उतरणाऱ्या मुलांचे दिवस भरलेलेच असणार.

पण ज्या एनडीएसाठी ती मैत्रिणींपासून लांब चालली आहे, तिथली निवड कशी होते हेही पाहा. एसएसबीत काही दिवस उमेदवारांची परीक्षा चालते. त्यात गटचर्चा असते, सगळ्यांनी मिळून अडथळे पार करायचे असतात, फळ्या, दोर आणि पिंपांच्या मदतीने वाट काढायची असते. तिथे अधिकारी पाहत असतात की हा मुलगा दुसऱ्याचं ऐकतो का, मागे राहिलेल्याला हात देतो का. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा, पण चार जणांत मिसळता न येणारा उमेदवार तिथे अडखळतो. माणसं सांभाळण्याचा सराव पुस्तकात मिळत नाही. तो मैत्रीतच होतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमी इथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती आणि दिव्या होती अवघ्या १९ वर्षांची. या विजयानेच ती ग्रँडमास्टर झाली. पण त्या दिवसाचा जो क्षण सगळ्यांच्या लक्षात राहिला, तो होता डाव संपल्यावर आईला घट्ट मिठी मारून रडणाऱ्या दिव्याचा. यश मिळाल्यावर ज्याच्या गळ्यात पडावं असं कोणीतरी लागतंच.

मैत्रीण स्पर्धक असते तेव्हा

या वयात मैत्रीला सर्वांत जास्त तडे कशाने जातात? भांडणाने नाही, मार्कांनी. कालपर्यंत ज्या मैत्रिणीबरोबर पाणीपुरी खाल्ली, तिच्या टेस्टमध्ये आपल्यापेक्षा ४० गुण जास्त आले की पोटात काहीतरी हलतं. आपण ‘अभिनंदन’ म्हणतो, पण त्या संध्याकाळी फोन करत नाही. मग ती नोट्स मागते तेव्हा ‘घरी राहिल्या गं’ असं तोंडातून निघतं.

हेवा वाटणं नैसर्गिक आहे. तो वाटला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. त्या हेव्याचं तुम्ही काय करता, ते महत्त्वाचं.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीच्या अंतिम फेरीत कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को ताम्बेरी दोघांनीही २.३७ मीटरची उडी मारली. २.३९ दोघांनाही जमली नाही. आता पुन्हा उड्या मारून एकाला विजेता ठरवायचं की सुवर्णपदक वाटून घ्यायचं, असा प्रश्न आला. बार्शिमने अधिकाऱ्याला विचारलं, दोघांना सुवर्ण मिळू शकतं का? ‘हो’ ऐकताच ताम्बेरीने त्याच्या गळ्यात उडी घेतली.

हा व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यामागची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिक तोंडावर असताना ताम्बेरीचा घोटा जबर दुखावला आणि त्याला त्या स्पर्धेला मुकावं लागलं. पुढच्या वर्षी तो मैदानात परतला, पण पॅरिसच्या एका स्पर्धेत कामगिरी इतकी खराब झाली की त्याने स्वतःला हॉटेलच्या खोलीत कोंडून घेतलं. तेव्हा बार्शिम त्याच्या दारावर थापा मारत राहिला, दार उघडेपर्यंत. नंतर २०१८ मध्ये बार्शिमचाही घोटा दुखावला. टोकियोतल्या त्या मिठीमागे दारावरच्या त्या थापा होत्या.

तुमच्या मैत्रीत तुम्हाला पदक वाटून घ्यायचं नाही. प्रवेशाची जागा वाटून घेता येतही नाही. पण दारावर थाप मारता येते. त्यासाठी काही साध्या गोष्टी करून पाहा.

- परीक्षेचे महिने सुरू होण्याआधीच जवळच्या दोन-तीन मित्रमैत्रिणींना सांगा, ‘‘मला मेपर्यंत फार वेळ मिळणार नाही. रागावले म्हणून गप्प आहे असं समजू नकोस. रविवारी संध्याकाळी ७ला मी फोन करेन.’’ आणि तो फोन कराच. १५ मिनिटं पुरतात.

- ‘खरंच अडचण आली तर माझ्या आईच्या नंबरवर फोन कर’ हेही सांगून ठेवा. माझा फोन कपाटात होता, पण आईचा चालू होता. हे मला तेव्हा सुचलं नाही.

- टेस्टचे गुण एकमेकींना लगेच विचारायचे नाहीत, असा नियम दोघींनी मिळून करा. ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल.

- हेवा वाटला तर एकदा मोकळेपणाने बोलून टाका. ‘‘तुझे मार्क ऐकून मला आनंद झाला, पण थोडं वाईटही वाटलं’’ असं म्हणणारी मैत्रीण कोणालाही आवडते. आतल्या आत कुढणारी कोणालाच कळत नाही.

- वाढदिवसाला जाता येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा. वेळ झाल्यावर ‘सॉरी यार’ असा मेसेज टाकू नका.

आणि जो मित्र तुमच्या अभ्यासाची सतत टिंगल करतो, ‘बघा आला कलेक्टर’ म्हणून हसतो, त्याच्यासाठी किती ओढाताण करायची हेही ठरवा. सगळी नाती टिकवलीच पाहिजेत असं नाही. दोन-तीन खरी माणसं पुरेशी असतात.

कोणीतरी आवडायला लागतं तेव्हा

आता नाजूक विषय. सतराव्या वर्षी कोणीतरी आवडणं हे अगदी स्वाभाविक आहे. या वयात मेंदूतला आनंद आणि बक्षीस शोधणारा भाग फार जागा असतो. थांबून विचार करणारा, परिणाम तोलणारा पुढचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून त्याचा ‘टायपिंग...’ दिसला तरी छातीत धडधडतं आणि दोन निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही तर अख्खी संध्याकाळ वाया जाते. तुम्ही मूर्ख आहात म्हणून हे होत नाही. वयच तसं आहे.

पण याच कारणामुळे या वयातल्या प्रेमाला थोडी कुंपणं लागतात. ती दुसऱ्याने घालण्याआधी आपणच घातलेली बरी.

माझ्या मावसबहिणीला मी एवढंच विचारलं, ‘‘तो तुझ्या एनडीएबद्दल काय म्हणतो?’’ बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘‘म्हणतो, तिकडे गेलीस तर आपलं काय?’’ मग तिनेच पुढे लिहिलं, ‘‘आणि मी ऑनलाइन असून रिप्लाय दिला नाही तर स्क्रीनशॉट पाठवायला सांगतो. कोणाशी बोलत होते ते बघायला.’’

इथे थांबून विचार करायला हवा. ‘मला तुझी आठवण येते’ हे प्रेम आहे. ‘मला पुरावा दाखव’ ही पाळत आहे. ज्या मुलाला किंवा मुलीला तुम्ही आवडता, त्याला तुमचं स्वप्नही थोडंफार आवडायला हवं. निदान ते खुपता कामा नये.

स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

१. त्याच्याशी बोलल्यावर अभ्यासाला बसताना मला हलकं वाटतं की थकल्यासारखं वाटतं?

२. ‘आज जमणार नाही’ असं मी न घाबरता म्हणू शकते का?

३. या नात्यामुळे मी जुन्या मित्रमैत्रिणींपासून आणि घरच्यांपासून तुटत चालले आहे का?

४. पासवर्ड, लोकेशन किंवा फोटो यासाठी माझ्यावर दबाव येतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ किंवा चौथ्याचं ‘हो’ असेल तर ते नातं तुम्हाला परवडणारं नाही, मग समोरचा कितीही गोड बोलत असो.

कायदाही ठाऊक असू द्या. पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. त्या वयात शारीरिक संबंधांना दिलेली संमती कायदा मानत नाही. अल्पवयीन मुलामुलींचे अश्लील फोटो किंवा व्हिडिओ काढणं, जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. ‘फक्त तुलाच पाठवते’ म्हणून गेलेला फोटो परत घेता येत नाही. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. एका रात्रीच्या चुकीने दोन घरांची वर्षं कोर्टकचेरीत जाऊ शकतात, म्हणून सांगते.

प्रेम आणि करिअर एकत्र चालूच शकत नाहीत, असंही नाही. सचिन तेंडुलकर १९९० मध्ये अंजलीला भेटला तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि ती वैद्यकीय शिक्षण घेत होती. तो देशोदेशी क्रिकेट खेळत राहिला, ती डॉक्टर होत राहिली. लग्न झालं मे १९९५ मध्ये. मधल्या पाच वर्षांत दोघांचीही कामं थांबली नाहीत.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिनने अंजलीचे आभार मानले. तिने घराची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि आपल्याला खेळत राहायला सांगितलं, असं तो म्हणाला. तो त्या दोघांचा निर्णय होता आणि त्याचा आदर आहे. पण आजच्या सतरा वर्षांच्या मुलीने आणि मुलानेही एक प्रश्न मनात ठेवावा, उद्या आमच्यापैकी एकाला थांबायचं असेल तर ते कोण, हे आम्ही दोघं बसून ठरवणार की ते आधीच ठरलेलं आहे?

ब्रेकअप झालं तर? रडा. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एखाद्या माणसाला सांगा. दोन दिवस अभ्यास झाला नाही तर आभाळ कोसळत नाही. मात्र रात्री २ला त्याचं प्रोफाइल पुन्हा पुन्हा उघडणं बंद करा. आणि समोरच्याने ‘नाही’ म्हटलं असेल तर ते ‘नाही’च समजा. मुलग्यांनी तर हे जरा जास्तच लक्षात ठेवावं. नकार ऐकून शांतपणे बाजूला होता येणं हीसुद्धा मोठी कमाई आहे.

दिवसाचे २४ तास कसे वाटाल?

तोल म्हणजे सगळ्यांना सारखा वेळ देणं नव्हे. परीक्षेच्या महिन्यात अभ्यासाचं पारडं जड राहणारच. फक्त दुसरं पारडं रिकामं असता कामा नये.

झोपेला हात लावू नका: १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. या वयात झोप यायला लागण्याची वेळही थोडी पुढे सरकते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. त्यामुळे रात्री १ पर्यंत चॅट आणि पहाटे ५चा अलार्म हा हिशेब फार दिवस चालत नाही.

फोनची वेळ ठरवा: फोन पूर्ण बंद करण्यापेक्षा दिवसात दोनदा, जेवणानंतर २०-२० मिनिटं ठरवून पाहा. ती वेळ मित्रांना आणि घरच्यांनाही सांगा. म्हणजे उत्तराची वाट पाहणारा माणूस ताटकळत नाही आणि आई दर वेळी दारातून डोकावत नाही.

आठवड्यात दोन तास मोकळे ठेवा: त्या वेळेत अभ्यासाचा विषय काढायचा नाही. मैत्रिणीबरोबर चक्कर मारा, गल्लीत क्रिकेट खेळा, आजीबरोबर मालिका पाहा. हे दोन तास वाया जात नाहीत.

दुसरी वाट ठाऊक असू द्या: एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पदवीनंतर सीडीएसची वाट असते. नीट, जेईई, सीईटी यांच्याही पलीकडे वाटा आहेत. दुसरी वाट माहीत असलेला विद्यार्थी पहिल्या वाटेवर कमी घाबरतो. मी डॉक्टर झाले नाही. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आज लिहिते आहे. हे काम मला आवडतं. तेव्हा कोणी हे सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

थकलात तर सांगा: मुलगे हे फार लपवतात. ‘काही नाही, ठीक आहे’ एवढंच म्हणतात. सलग दोन आठवडे झोप नीट लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. घरात बोला. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे. मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइनही आहे.

आईबाबांनो, थोडं तुमच्यासाठी

‘आता दोन वर्षं मैत्री-बित्री बंद’ हे वाक्य आपण काळजीपोटी बोलतो. पण बोर्डाच्या वर्षात मुलांवर सर्वांत जास्त ताण असतो आणि नेमकं तेव्हाच त्यांचा आधार काढून घेतला जातो. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यात माणसांचं अख्खं आयुष्य तपासत गेल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ज्यांची जवळची नाती चांगली होती, ती माणसं अधिक सुखी आणि निरोगी राहिली. मैत्री हा अभ्यासातला अडथळा आहे, हा आपला समज तपासून पाहायला हवा.

मुलाचं किंवा मुलीचं कोणावर मन जडलं आहे असं कळलं तर पहिल्या दिवशी फोन हिसकावू नका. हिसकावलेल्या फोनची जागा मैत्रिणीचा फोन घेतो, विषय मात्र तुमच्यापासून कायमचा लपतो. त्याऐवजी जेवण झाल्यावर शांतपणे विचारा, ‘‘कसा आहे गं तो?’’ हा प्रश्न विचारणाऱ्या आईला मुली अडचणीच्या वेळी फोन करतात. मर्यादा जरूर सांगा. किती वाजेपर्यंत बाहेर, फोन रात्री कुठे राहणार, फोटो-पासवर्डबाबत काय नियम, हे ठरवा. पण ओरडण्याआधी ऐकून घ्या. आणि हे नियम मुलगा आणि मुलगी दोघांसाठी सारखे असू द्या.

आणखी एक. मुलं न सांगता गप्प होतात, कारण घरात तेच पाहतात. ऑफिसमधून ‘उशीर होईल’ असा फोन न करणारे बाबा आणि तीन दिवस अबोला धरणारी आई पाहून मूल काय शिकणार? सांगण्याची सवय घरातून सुरू होते.

तर मग, ती स्वार्थी आहे का?

त्या रात्री मी माझ्या मावसबहिणीला उत्तर दिलं, ‘‘तू स्वार्थी नाहीस. पण तू वीस मिनिटांत का निघालीस, हे तिला सांगितलंस का?’’

‘‘तिला माहीत असेल ना, ताई.’’

‘‘मलाही असंच वाटलं होतं,’’ मी लिहिलं आणि नाशिकची सगळी गोष्ट तिला सांगितली. यापूर्वी ती मी घरात कोणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर जाण्याआधी ती मैत्रिणीच्या घरी गेली. मैत्रीण अर्धवट झोपेत दारात आली आणि आधी चांगलीच भांडली. मग दोघी गेटवर बसून बोलल्या. आता मैत्रीण रविवारी तिच्याबरोबर धावायला येते, दोन फेऱ्या मारून दमते आणि मग बाकावर बसून स्टॉपवॉच धरते.

त्या मुलाला तिने सांगितलं की स्क्रीनशॉट ती पाठवणार नाही आणि परीक्षा होईपर्यंत फक्त रविवारी बोलेल. तो चिडला. दोन आठवडे बोलला नाही. परवा त्याचा ‘ऑल द बेस्ट’ असा मेसेज आला. त्याचं पुढे काय होईल, तिला ठाऊक नाही. पण ती रात्री १०ला झोपते आहे.

परीक्षेत ती पास होईल की नाही, तेही आज कोणाला सांगता येणार नाही. निकाल लागेल त्या संध्याकाळी तिला फोन करावासा वाटेल, तेव्हा पलीकडे उचलणारं कोणीतरी असेल, एवढं मात्र नक्की.

तुमच्याही फोनमध्ये असं एखादं नाव असेल, ज्याला ‘नंतर बोलू’ म्हणून बरेच महिने झाले आहेत. आज संध्याकाळी १५ मिनिटं काढा आणि त्याला फोन करा.